एक सोनाटा, दोन मुद्रणे आणि प्रतिमेचा प्रश्न

चित्र भिंतीवर असते आणि शिल्प चौथऱ्यावर असते. ते पाहायचे तर तेथे जावे लागते आणि ते जळाले किंवा भंगले तर नाहीसे होते, याविषयी कोणाच्या मनात संदेह नसतो. संगीतकृतीच्या बाबतीत मात्र ती कोठे असते, हेच सांगणे अवघड आहे. स्वरलेख, म्हणजे कोणता स्वर कोणत्या वाद्याने किती काळ धरायचा याची रचनाकाराने केलेली नोंद, हीच कृती म्हणावी, तर कागद मुका आहे; वादन ही कृती म्हणावी, तर ते वाजता वाजताच सरते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने वाजवले ते तेच कशावरून, हा प्रश्न उरतो; रचनाकाराच्या मनातली कल्पना ही कृती म्हणावी, तर त्या मनाबरोबर तीही गेली असे मानावे लागते. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रणाने या तीन पर्यायांत चौथ्याची भर घातली आणि तोच सर्वांत फसवा ठरला, कारण मुद्रणात कृती एकदाची हाती लागली असे वाटते. चेलो आणि पियानो या जोडीसाठी रशियात जे संगीत लिहिले गेले, त्याच्या मुद्रणांत या समजुतीची कसोटी घेणारे एक उदाहरण आहे, आणि एखाद्या तत्त्वचिंतकाने ते मुद्दाम रचले असते तरी याहून चोख रचता आले नसते.

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातले, पण आकाराने बरेच मोठे वाद्य. वादक बसून ते दोन गुडघ्यांच्या मध्ये धरतो आणि तारांवरून आडवा गज फिरवतो. पुरुषाच्या अगदी खालच्या खर्जापासून स्त्रीच्या चढ्या आवाजापर्यंत त्याचा पल्ला पोहोचतो, म्हणून मानवी कंठाच्या सर्वांत जवळचे वाद्य असा त्याचा लौकिक आहे. पियानोची प्रकृती याच्या उलट. त्यात हातोडी तारेवर पडते त्या क्षणापासून स्वर विरू लागतो. तो धरता येतो, वाढवता येत नाही. एक वाद्य श्वासासारखे चालते आणि दुसरे आघातांनी बोलते, आणि या दोघांना एकत्र आणणारी, सहसा तीन-चार भागांत मांडलेली, शब्दविरहित आणि स्वरन् स्वर लिहून ठेवलेली रचना म्हणजे सोनाटा.

दिमित्री शोस्ताकोविच यांनी चेलो आणि पियानोसाठी डी मायनर या स्वरसप्तकात आपला सोनाटा, कृतिक्रमांक ४०, १९३४ साली लिहिला आणि तो मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरच्या वाद्यवृंदात नावाजलेले चेलोवादक व्हिक्टर कुबात्स्की यांना अर्पण केला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला लेनिनग्राड येथे कुबात्स्की आणि स्वतः शोस्ताकोविच यांनी त्याचे पहिले वादन केले. जानेवारी १९३६ मध्ये हीच जोडी मैफलींसाठी उत्तरेकडच्या आर्खांगेल्स्क शहरी गेली असताना, २८ तारखेच्या ‘प्रावदा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रात शोस्ताकोविच यांच्या ऑपेराला संगीत नव्हे तर गोंधळ ठरवणारा निनावी लेख आला आणि तो त्यांनी तेथेच वाचला. त्या लेखाने पुढची कित्येक वर्षे त्यांच्या जगण्यावर सावट धरले. सोनाट्यावर मात्र असा घाला आला नाही. ज्या रचनेत शब्द नाहीत, कथा नाही, पात्रे नाहीत, तिच्यावर आरोपपत्र तयार करणे सेन्सॉरलाही सोपे नसते, एवढे एक कारण त्यामागे निश्चित संभवते.

या सोनाट्याची रचनाकाराने स्वतः पियानोवर बसून केलेली दोन मुद्रणे आज ऐकता येतात. एक १९४६ चे, चेलोवर दानिइल शाफ्रान. दुसरे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातले, चेलोवर म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच. दोघेही त्या काळच्या सोव्हिएत चेलोवादनाचे शिखरपुरुष होते आणि १९४९ साली बुडापेस्टच्या, तर १९५० साली प्रागच्या स्पर्धेत परीक्षकांनी पहिले पारितोषिक दोघांत विभागून दिले होते. त्यांचे स्वभाव मात्र दोन टोकांचे. शाफ्रान यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी अखिल सोव्हिएत स्पर्धा जिंकून १६३० साली घडवलेला आमाती घराण्याचा चेलो मिळवला आणि तो जन्मभर वाजवला. त्यांचा स्वर हलका, उजळ, सतत थरथरणारा आहे, ओळ कोठे रेंगाळेल आणि कोठे घाईने निसटेल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि ते वाजवतात तेव्हा कोणीतरी गाते आहे असे वाटते. रोस्त्रोपोविच यांचा स्वर भरीव आणि रुंद आहे. त्यांचे वाक्य सुरू होते तेव्हाच ते कोठे पोहोचणार हे ठरलेले असते, आणि तेथे कोणीतरी बोलते आहे, मोठ्या सभेपुढे बोलते आहे, असे वाटते. पियानोवरचे हात दोन्ही वेळा तेच आहेत: कोरडा, नेटका आघात, पेडलचा म्हणजे स्वर गुंजत ठेवणाऱ्या पायपट्टीचा वापर अगदी बेताचा, भावनेला जागा देण्यापेक्षा पुढे सरकण्याकडे कल. तरीही त्या हातांनी दोन वेळा दोन वेगळ्या माणसांशी जुळवून घेतले आहे.

मग यांतील सोनाटा कोणता? रचनाकाराचे वादन हेच प्रमाण मानण्याची सवय अनेक रसिकांना आणि समीक्षकांनाही आहे; येथे त्या सवयीला उत्तरच देता येत नाही, कारण रचनाकार दोन्हीकडे हजर आहे आणि त्याने दोन्हीकडे संमती दिली आहे.

अमेरिकन तत्त्ववेत्ता नेल्सन गुडमन याने १९६८ सालच्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या ग्रंथात या प्रश्नाचे फार काटेकोर उत्तर दिले. त्याच्या मते स्वरलेखाचे काम कृतीची ओळख पटवणे हे आहे, आणि जे वादन स्वरलेखाशी पूर्णपणे जुळते तेच त्या कृतीचे वादन. एक स्वर जरी चुकला तरी ते त्या कृतीचे वादन राहत नाही. याउलट ‘जलद’, ‘संथ’, ‘फार जलद नको’ अशी लयीची शाब्दिक सूचना अर्थाने सैल असते, म्हणून ती ओळख पटवण्याच्या कामी येत नाही आणि कृतीचा घटकही ठरत नाही. थोडक्यात, लय कशीही असो, स्वर बरोबर असले की कृती तीच. या उत्तरात एक धीट सरळपणा आहे, पण त्यातून निघणारे निष्कर्ष विचित्र आहेत: एखाद्या थोर वादकाचे बोट एकदा घसरले की त्याने सोनाटा वाजवलाच नाही, आणि एखाद्या नवशिक्याने सगळे स्वर बरोबर पण निर्जीवपणे वाजवले की त्याने मात्र वाजवला.

गुडमनच्या कितीतरी आधी, भाषेच्या संदर्भात, भारतीय वैयाकरणांनी हाच प्रश्न अधिक सूक्ष्मतेने हाताळला होता. पतंजलीने महाभाष्यात नगाऱ्याचा दाखला दिला आहे: एका आघाताचा आवाज वीस पावले ऐकू जातो, दुसऱ्याचा तीस, तिसऱ्याचा चाळीस, अंतर वाढते ते ध्वनीचे, जे प्रकट व्हायचे, ज्याला तो स्फोट म्हणतो, ते तेवढेच असते. भर्तृहरीने वाक्यपदीयात हा विचार पुढे नेऊन ध्वनीचे दोन प्रकार केले. ज्याच्यामुळे शब्द शब्द म्हणून कळतो, ऱ्हस्व ऱ्हस्व आणि दीर्घ दीर्घ म्हणून ओळखू येतो, तो प्राकृत ध्वनी. आणि बोलणाऱ्याच्या द्रुत, मध्यम किंवा विलंबित बोलण्यामुळे जो फरक पडतो तो वैकृत ध्वनी. कोणी ‘गाय’ हा शब्द घाईने उच्चारला काय किंवा लांबवून उच्चारला काय, ऐकणाऱ्याला कळते ती एकच गाय. वैकृत ध्वनी बदलला म्हणून स्फोट बदलत नाही. ही मांडणी सोनाट्याला लावली तर शाफ्रान आणि रोस्त्रोपोविच यांच्यातला सगळा फरक वैकृत ठरतो आणि वाद मिटतो.

तो मिटत मात्र नाही, आणि का मिटत नाही हे सोनाट्याच्या पहिल्याच भागात दिसते. या भागाची सुरुवात चेलोच्या एका लांब, वाहत्या, काहीशा जुन्या वळणाच्या चालीने होते. खाली पियानो अखंड झुळझुळत असतो. पुढे दुसरी, अधिक कोवळी चाल येते, दोन्हींची ओढाताण होते, आणि रीतीप्रमाणे पहिली चाल परत यावी अशी अपेक्षा निर्माण होते. ती येते, पण ‘लार्गो’ म्हणजे अतिविलंबित लयीत येते. चाल ओळखू येते, वळणे तीच आहेत. मात्र पियानोची झुळझुळ संपून तेथे तुटक, दबक्या पावलांसारखे स्वर उरले आहेत, आणि जी चाल आरंभी घराकडे निघालेल्या माणसासारखी वाटली होती ती आता ते घर रिकामे झाले असावे अशी ऐकू येते. येथे लय बदलली आणि अर्थ मुळापासून बदलला. भाषेत जे वैकृत, ते संगीतात प्राकृत झाले, आणि हे कोणा वादकाच्या लहरीने झालेले नसून रचनाकाराने कृतीच्या गाभ्यातच करून ठेवले आहे. शब्दाला त्याचा अर्थ त्याच्याबाहेर, जगात, चरणाऱ्या गायीत सापडतो, म्हणून तो उच्चाराच्या फरकातून सुरक्षित पार पडतो. सोनाट्याला बाहेर असा आधार नाही, त्याचा अर्थ त्याच्या उच्चारातच राहतो. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला बंदिश आणि तिची मांडणी यांतला भेद परिचित असल्यामुळे ही अडचण सौम्य वाटण्याची शक्यता आहे, पण बंदिश मांडणीला वाव देण्यासाठीच आखडती असते. सोनाट्यात मात्र रचनाकाराने सगळे लिहून ठेवले आहे आणि तरीही सगळे वाजवणाऱ्यावर सोपवले आहे.

तर एका बाजूला असे म्हणावे लागते की मुद्रण हे कृतीला पकडू शकत नाही, कारण कृती त्या एका वादनात संपत नाही. दुसऱ्या बाजूला असे, की मुद्रणात फक्त त्या दिवशीचे आवाज आहेत म्हणावे, तर ऐकताना सोनाटा ऐकल्याचा जो अनुभव येतो तो खोटा ठरतो. नेमका हाच पेच, अक्षरशः याच आकारात, पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत आठव्या शतकात उभा राहिला होता, आणि ज्या देशाचे हे संगीत आहे त्या देशाचा धर्म त्या पेचाच्या उत्तरावर उभा आहे.

बायझंटाईन साम्राज्यात तेव्हा ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चित्रांवर, ज्यांना आयकॉन म्हणतात, बंदी घालण्यात आली. ७५४ साली हिएरिया येथे भरलेल्या धर्मसभेने तिचे समर्थन केले आणि प्रतिमाविरोधकांनी प्रतिमापूजकांना पेचात धरले: ख्रिस्त हा देवही आहे आणि माणूसही आहे; तुमच्या चित्रात त्याचे देवत्व उतरले आहे असे म्हणाल तर ते अशक्य, कारण देवत्वाला आकार नाही; फक्त माणूसपण उतरले आहे असे म्हणाल तर तुम्ही त्याचे दोन तुकडे केले. ७८७ साली निकिया येथील दुसऱ्या धर्मसभेने प्रतिमांना मान्यता दिली आणि प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीकडे पोहोचतो हे तत्त्व, जे धर्मशास्त्रज्ञ दमास्कसच्या जॉनने आधीच आग्रहाने मांडले होते, उचलून धरले. तर्काची गाठ मात्र स्टुडिऑस मठाचा प्रमुख थिओडोर याने नवव्या शतकाच्या आरंभी सोडवली. त्याचे म्हणणे असे की प्रतिमा कोणत्याच स्वभावाची नसते, ना देवत्वाची ना माणूसपणाची. प्रतिमा नेहमी व्यक्तीची असते. या व्यक्तिस्वरूपाला ग्रीक धर्मशास्त्रात हायपोस्टॅसिस म्हणतात. कोणत्याही माणसाचे चित्र काढताना ‘माणूसपणा’ काढला जात नाही. विशिष्ट नाकाचा, विशिष्ट कपाळाचा तो एक माणूस काढला जातो, आणि त्याच्या त्या विशिष्टपणातूनच तो सबंध उभा राहतो.

थिओडोरचे हे उत्तर ध्वनिमुद्रणाला लागू केले की पेच सुटतो असे या लेखाचे प्रतिपादन आहे. १९४६ च्या मुद्रणात सोनाट्याचे अमूर्त सार नाही, आणि केवळ तारांची कंपनेही नाहीत. त्यात सोनाट्याची एक व्यक्ती आहे, शाफ्रान यांच्या थरथरत्या स्वराचे कपाळ आणि शोस्ताकोविच यांच्या कोरड्या आघाताची हनुवटी असलेली. दशकभरानंतरच्या मुद्रणात दुसरी व्यक्ती आहे. यांतली खरी कोणती, हा प्रश्न जितका साहजिक तितकाच चुकीचा आहे, कारण सोनाट्याला व्यक्तीवाचून अस्तित्वच नाही; कोणाच्या तरी चेहऱ्याने तो समोर येतो, किंवा येत नाही. रचनाकाराने दोन्हीकडे पियानो वाजवला याचा अर्थ त्याने दोन्हीवर प्रामाण्याची मोहोर उठवली असा नव्हे; आपली कृती आपल्या एकट्याच्या चेहऱ्याने ओळखली जावी हा हक्क त्याने सांगितला नाही, एवढाच तो अर्थ आहे, आणि तो फार मोठा आहे.

इतिहासातला एक विरोध येथे नोंदवणे आवश्यक आहे. ज्या रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने प्रतिमेला वेदीसमोर भिंतभर जागा दिली, त्याच चर्चने वाद्याला उपासनेत प्रवेश दिला नाही. आत फक्त मानवी कंठ, आणि बाहेर घंटाघरात घंटा. उपासना म्हणजे देवाशी शब्दाने बोलणे, आणि वाद्याला शब्द नाही, अशी त्यामागची धारणा सांगितली जाते. सेर्गेई राखमानिनॉव्ह यांनी १९१५ साली लिहिलेली रात्रभराची प्रार्थना या नियमानुसार केवळ गायकवृंदासाठी आहे. पण त्यांनीच १९०१ साली आनातोली ब्रांडुकॉव्ह या चेलोवादकाला अर्पण केलेला सोनाटा, कृतिक्रमांक १९, लिहिला, आणि त्याच्या तिसऱ्या, संथ भागात पियानो जी चाल प्रथम मांडतो ती एकाच स्वरावर पुन्हापुन्हा थांबत, उजळ आणि काळोख्या सप्तकांच्या सीमेवर घुटमळत पुढे जाते. एकाच स्वरावर मंत्र म्हणावा तशी ही रीत आहे. मग चेलो ती उचलतो, आणि ज्या वाद्याला दारातून आत घेतले गेले नाही तेच बाहेर अंगणात प्रार्थना म्हणू लागल्यासारखे होते. हे वाचन सक्तीचे नाही. परंतु ज्या परंपरेत कंठ म्हणजे उपासना, त्या परंपरेत वाढलेल्या माणसाने कंठाच्या सर्वांत जवळच्या वाद्याला शब्दाविना गायला लावले, हे निव्वळ योगायोगाचे मानणे कठीण आहे.

या सोनाट्याचे राखमानिनॉव्ह यांनी स्वतः केलेले मुद्रण नाही. मुद्रणाचा त्यांना तिटकारा होता असेही नाही. आपले कंचेर्टो त्यांनी मुद्रित केले, आणि १९२८ साली व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्रायस्लर यांच्यासह बीथोव्हेन, शूबर्ट आणि ग्रीग यांचे सोनाटे मुद्रित केले, म्हणजे साथीदाराबरोबर ते कसे वाजवत हेही ऐकता येते. फक्त चेलोशेजारची त्यांची जागा रिकामी आहे. ही उणीव अनेकांना सलते. पण थिओडोरचा तर्क मान्य केला तर ती उणीव सोनाट्याची नाही. शाफ्रान आणि याकोव्ह फ्लिएर यांनी १९५६ साली केलेले मुद्रण ऐकताना मूळ कोठेतरी हरवले आहे आणि ही त्याची नक्कल आहे, असे वाटण्याला आधार उरत नाही.

प्रतिमा आणि मूर्तिपूजा यांत दमास्कसच्या जॉनने जो भेद केला तो मात्र येथे विसरता कामा नये, कारण मुद्रणाला असलेला धोका खरा आहे. तेच मुद्रण शंभर वेळा ऐकणाऱ्याला त्यातला प्रत्येक श्वास पाठ होतो. एका विशिष्ट ठिकाणी गजाचे घर्षण ऐकू येते, ते त्याला कृतीचाच भाग वाटू लागते, आणि मग दुसऱ्या कोणी ती ओळ वेगळ्या तऱ्हेने घेतली की त्याला ती चूक वाटते. वादन दर वेळी बदलते म्हणून स्वतःच्या पलीकडे बोट दाखवते. मुद्रण बदलत नाही म्हणून नजर स्वतःवरच खिळवते. चुंबकीय फितीमुळे तर अनेक वादनांचे तुकडे कापून जोडणे शक्य झाले, आणि अशा मुद्रणात जे सलग ऐकू येते ते सलग कधी घडलेलेच नसते. तरी यावरून मुद्रण टाकाऊ ठरत नाही. आयकॉन रंगवणाराही समोर बसलेल्या माणसाचे चित्र काढत नाही. प्रश्न एवढाच असतो की पाहणाऱ्याची नजर लाकडावर थांबते की पलीकडे जाते.

सोव्हिएत रचनाकार प्रोकोफिएव्ह यांचा १९४९ चा चेलो सोनाटा या दृष्टीने ऐकण्यासारखा आहे. १० फेब्रुवारी १९४८ च्या पक्षठरावाने त्यांच्यावर आणि शोस्ताकोविच यांच्यावर लोकविरोधी असल्याचा ठपका ठेवला होता, म्हणून रोस्त्रोपोविच आणि पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्तर यांना ही रचना आधी संगीतकार संघात वाजवून दाखवावी लागली, आणि १ मार्च १९५० रोजी मॉस्कोत तिचे जाहीर वादन झाले. सोनाट्याचा आरंभ चेलो एकटाच करतो, सर्वांत जाड तारेवर, वाद्याच्या अगदी तळाशी. इतक्या खाली तार सावकाश हलते आणि गजाची पकड मोकळी ऐकू येते. स्वर नितळ होण्याआधी गजाच्या राळ लावलेल्या घोड्याच्या केसांची खरखर येते, मग स्वर येतो. ही खरखर स्वरलेखात नाही, गुडमनच्या हिशेबात नाही, आणि भर्तृहरीच्या विभागणीत ती वैकृताच्याही कडेला पडेल. पण ज्या माणसांवर ठपका होता त्यांच्यासाठी ज्या माणसाने ती तार पहिल्यांदा हलवली, तो तेथे, त्या खरखरीत आहे. याच रोस्त्रोपोविच यांना पुढे १९७४ साली देश सोडावा लागला आणि १९७८ साली त्यांचे नागरिकत्व काढून घेतले गेले. नाव पुसणे शासनाला जमले, मुद्रणातला हात पुसणे जमले नाही.

शोस्ताकोविच यांचा उजवा हात १९५८ पासून दुबळा होत गेला आणि १९६६ नंतर त्यांनी जाहीर मैफलीत पियानो वाजवला नाही. जुलै १९७५ मध्ये त्यांनी व्हायोला आणि पियानोसाठी सोनाटा, कृतिक्रमांक १४७, पूर्ण केला आणि ९ ऑगस्टला त्यांचा मृत्यू झाला. ती त्यांची अखेरची कृती. शाफ्रान यांनी ती चेलोसाठी उतरवून घेतली आणि आंतोन गिन्झबुर्ग यांच्या पियानोसह मुद्रित केली. वाद्य बदलले, रचनाकार गेला, पियानोवरचे हात दुसऱ्याचे. आणि सोनाट्याच्या पहिल्याच क्षणी, व्हायोलाने बोटांनी तारा छेडत मांडायची ती उघडी, पोकळ चाल, त्याच १६३० च्या आमाती चेलोवर, त्याच थरथरत्या हातांनी, एकट्याने छेडलेली ऐकू येते, आणि काही क्षणांनी पियानो तिच्याशेजारी येऊन थांबतो.